बोंबलाच्या दोरीवरची मॅकरोनी

समस्त उत्तन, डोंगरी, पाली आणि भाईंदर येथील रहिवाशांस, तसेच वांद्र्याच्या माझ्या सासुरवाडीच्या मंडळींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लढाईच्या त्या वर्षांत आमच्या आळीत कणीक किती मऊ मळावी याचे अधिकृत माप म्हणजे माझ्या डाव्या कानाची पाळी होय. उजव्या कानाला ती मान्यता नव्हती. मी वर्गात मुलांना पाढे शिकवत असलो तरी मागच्या दाराने एक पिठाळलेला हात यायचा, माझी पाळी दोन बोटांत धरून चाचपायचा आणि निकाल द्यायचा, "अजून थोरी मलाया पायजे." हात जायचा. पस्तीस पोरे हसायची. सायमन मास्तर, म्हणजे मीच, पांढऱ्या कानाने पुढचा पाढा सांगायचे.

तो हात माझ्या मावशीचा. नाव इनास, पण गाव तिला सिन्योरा म्हणे. तिला जाऊन आता पंधरा वर्षे होतील. तेव्हापासून मी तिची नक्कल करतो. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगला, कुणी नुसते "मास्तर, सिन्योरा करा ना" म्हटले की मी उपरणे डोक्याला गुंडाळतो आणि सुरू होतो. लोक पोट धरून हसतात. टाळ्या मी घेतो. या नकलेतला एक प्रवेश मात्र मी आजवर एकदाही केलेला नाही. आज करणार आहे, म्हणून आरंभालाच ही एवढी दवंडी. लाज वाटत असली की माणूस मोठ्याने बोलतो, हे मी शाळेतल्या पोरांकडून शिकलो.

माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. बाप मचव्यावर, आठ-आठ दिवस समुद्रात. धाकट्या मावशीने मला उचलले आणि स्वतःच्या लग्नाचे नाव पुन्हा काढले नाही. पुढे मला बोर्डिंगात घातले आणि माझ्या शिक्षणासाठी ती मुंबईला एका इटालियन संगमरवरवाल्याच्या बंगल्यावर स्वयंपाकीण म्हणून राहिली. बारा वर्षे राहिली. त्या घरची मालकीण, ती खरी सिन्योरा, म्हणजे इटालियनांची बाईसाहेब, हिला शेजारी उभी करून सगळे शिकवायची. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. "भाषा कशाला पायजे?" मावशी म्हणे. "ती चमचा माझे तोंडात घाली, मी तिचे तोंडात घाली. झालं बोलून."

सन चाळीसच्या जूनमध्ये इटली लढाईत उतरली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस बंगल्यावर आले. साहेबाला नेले, मागाहून बाईलाही छावणीत नेले. जाताना बाईने आपली पितळी किसणी मावशीच्या हातात दिली. मावशी ती किसणी लुगड्यात गुंडाळून भाईंदरला उतरली आणि बैलगाडीत बसून उत्तनला आली. गावाला वाटले, पोरगी कायमची परत आली, आता बोंबील सोलायला दोन हात वाढले. गावाचा अंदाज चुकला.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी लोक उठून पाहतात तो बोंबील वाळवायच्या वलांड्यांवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या आमच्या दोऱ्यांवर, तीन ओळी बोंबलांच्या आणि चौथी ओळ पिवळसर पट्ट्यांची! अंडी घालून मळलेली कणीक, लाटून, सुरीने बोटभर रुंद कापलेली. इटालियन लोकांत तिला प्रत्येक आकाराप्रमाणे वेगळे नाव असते म्हणे. मावशी सगळ्यालाच मॅकरोनी म्हणायची. बोंबील आणि मॅकरोनी समुद्राच्या एकाच वाऱ्यावर शेजारी शेजारी झुलत होते. खाली गावातली मांजरे बसली होती आणि काय चोरावे याचा त्यांना निर्णय होत नव्हता.

"इनास, ती काय जनावराची आतडी वालत घातली हायस गो?" शेजारची हिराबाय ओरडली. हिराबाय हिंदू कोळीण, आमच्या कुंपणाला कुंपण लागून.

"खाशील तवा इचार," मावशी म्हणाली.

याच हिराबायशी तिचे आठवडाभराचे महायुद्ध झाले. मावशी सकाळीच तिच्या अंगणात गेली आणि तुळशीची मूठभर पाने मागितली. हिराबायने हौसेने खुडून दिली. ख्रिस्ताव बाईला तुळस हवी म्हणजे खोकला झाला असेल. मग तिला कळले की ती पाने लसणीबरोबर तेलात पडणार आहेत. "माजी तुलस? कालवणात? तुजे हाताला काही हाय का न्हाय?" आठ दिवस कुंपणावरून एक शब्द गेला नाही. नवव्या दिवशी हिराबाय स्वतःच आली, हातात सब्ज्याचे रोप. "ही घे. वास तोच हाय आनि हिला कोनी नमस्कार करीत न्हाय." मावशीने पान चुरगळून हुंगले आणि तिथेच खाली बसली. "हीच," म्हणाली. "सिन्योराचे खिडकीत होती ती हीच." तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. नकलेत मी या ठिकाणी मोठ्याने नाक शिंकरतो. लोकांना ते फार आवडते.

चीज कुठून आणणार? लढाईत बंगलेवाल्यांना मिळेना, तिथे आम्हाला कोण देतो? मावशीने सुकट भाजली, खलबत्त्यात कुटली आणि पितळी किसणीच्या डब्यात भरून ठेवली. टोमॅटो आमच्याच वाडीतले. हिवाळ्यात त्यांचा रस आटवून ती बियरच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची. आमच्या प्रत्येक घरात अशाच बाटल्यांत वर्षाचा मसाला ठासलेला असतो. पण मॅकरोनीत तो घालू द्यायची नाही. "मसाला घातला की टमाट्याचं तोंड बंद होते," असे तिचे मत.

सगळ्यात कडक कायदा शिजवण्याचा. पट्ट्या उकळत्या पाण्यात पडल्या की ती चुलीपाशी पुतळा व्हायची. कुणी हाक मारलेली चालायची नाही, कुणी मेलेले चालायचे नाही. मधेच एक पट्टी तोंडात घालून, डोळे मिटून चावायची. "दाताला थोरं काम ठेवाया पायजे. पार मऊ झाली की ती मॅकरोनी न्हाय, आजाऱ्याची पेज." गावातले म्हातारे म्हणत, कच्ची आहे. ती म्हणे, "तुमाला दात न्हाईत, त्याला ती काय करील?" हाताला चटका बसला की ती बंगल्यावरच्या सवयीने "मादोन्ना!" असे किंचाळे. आमच्या फादरांनी एकदा रस्त्यावरून जाताना ते लागोपाठ तीनदा ऐकले आणि रविवारी उपदेशात सांगितले की, या गावात एक स्त्री अशी आहे जी चुलीपाशीसुद्धा पवित्र मातेचे स्मरण करते. मावशीने मान खाली घालून ते स्वीकारले.

मग रेशन आले आणि सिन्योराचे राज्य सुरू झाले. आम्ही भात खाणारी माणसे. दुकानात तांदूळ मूठभर आणि गहू पसाभर. गव्हाचे करायचे काय हे कुणाला ठाऊक? बायकांनी भाकरीसारखे थापून पाहिले. त्या वस्तू चपलांना तळ म्हणून लावता आल्या असत्या. पोरे अर्धपोटी शाळेत यायची. एका दुपारी आळीतल्या सगळ्या बायका पिठाचे डबे घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मावशीने एकेकीचा कान चाचपला. माझाच सर्वांत योग्य निघाला. महिन्याभरात उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबलांपेक्षा मॅकरोनी जास्त वाळू लागली. हिराबाय तर कोळंबी घालून करायची आणि मावशीपेक्षा बरी करायची. मावशीने हे मान्य केले, पण फक्त मला एकट्याला सांगून.

अशी ही बाई. आणि आता मी.

चव्वेचाळीस साली वांद्र्याच्या एका घरातून मला सांगून आले. मुलीचे वडील इंग्रज कंपनीत हेडक्लार्क. घरात पियानो. आई फ्रॉक घालायची, मराठी बोलायची ती जरा चिमटीत धरून. मुलगी एलिझा शिकलेली, हसरी. मला ती इतकी आवडली की मी त्यांच्या घरी एकच पाय टेकून बसायचो, न जाणो गालिचा मळेल. रविवारी ती मंडळी घर बघायला उत्तनला येणार ठरले. मी मावशीला दहा सूचना दिल्या: आज दोरीवर काही नको, अंगणात मासळी नको, कान चाचपायचा नाही. ती फक्त म्हणाली, "काट्याचमच्यानं खानारी मानसं येतात बाला, किती वर्सांनी!" तिच्या आनंदापुढे माझ्या सूचना टिकणार नव्हत्या.

पाहुणे टांग्यातून उतरले, त्याच क्षणी मावशी मागच्या अंगणातून आली. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, कोपरापर्यंत पीठ, दोन्ही हातांवर दोरीवरून काढलेल्या पट्ट्या लोंबताहेत. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी तिला नखशिखान्त पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "ही कोण? कूक का?"

मी म्हणालो, "हो."

एवढेच. त्या शब्दाला अभिनय नाही, म्हणूनच तो प्रवेश मी कधी करू शकलो नाही. मी पंचवीस वर्षांचा होतो, शिक्षक होतो, कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती.

मावशीने ऐकले. ती माझ्यापासून चार हातांवर होती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आत गेली, हात धुतले, लुगडे सोडून नीट नेसली आणि बाहेर आली ती बारा वर्षे बंगल्यावर टेबल लावणारी बाई होऊन. पाहुण्यांच्या डावीकडून वाढत होती, उजवीकडून ताटे उचलत होती. मला "सर" म्हणाली. "सर, आनखी वाढू?"

"मॅकरोनीसाठी मैदा कुठून मिळवला या दिवसांत?" सासऱ्यांनी विचारले. मी म्हणालो, "फोर्टातल्या एका दुकानातून." खोटे बोलायला लागले की पुढचे पुढचे सापडत जाते. तेवढ्यात सासूबाईंनी नाक आक्रसले. "वास कसला येतो? मासळीचा?" मी मान ताटात घातली. मावशी मात्र किसणीचा डबा घेऊन पुढे झाली आणि कुटलेली सुकट त्यांच्या ताटावर अदबीने भुरभुरवत म्हणाली, "इटलीचं चीज हाय मॅडम. उंची चीजला असाच वास असते."

सासूबाईंनी तीनदा मागून घेतले. लग्न ठरले.

पाहुणे गेल्यावर मी चुलीपाशी गेलो. काय बोलावे याची जुळवाजुळव करत होतो. ती भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, "सिन्योराकडं बारा वर्स टेबल लावलं. तुझेकडं एक दिस लावलं तर काय झिजलं?" मग थोड्या वेळाने, "पोरगी चांगली हाय. जपून ऱ्हा." तेव्हा मी तिचे पाय धरले असते तर आज हा लेख लिहावा लागला नसता. मी म्हणालो, "पाणी तापवून देऊ का भांड्यांना?"

पुढचे सांगायला जीभ अधिकच जड होते. आमच्या घरात चाल अशी की, लग्नानंतर नवरी दारात आली की नवऱ्याच्या आईने तिच्या कपाळावर क्रुसाची खूण करायची, तोंडात गूळखोबरे घालायचे आणि हाताला धरून आत न्यायचे. आई नसेल तर जिने वाढवले तिने. आता माझ्या दारात वांद्र्याहून चाळीस माणसे येणार, आणि त्यांच्या लेखी जिने वाढवले ती कूक! मी आठवडाभर झोपलो नाही आणि आठवडाभर बोललोही नाही. शेवटी मावशीनेच गावातल्या बायकांना जमवून जाहीर केले, "मना दारात उभं ऱ्हाया जमनार न्हाय. मॅकरोनी पान्यात असल. दोन मिनटं जास्त झाली तर चालीस मानसांना पेज घालाया लागल." बायकांनी एकमेकींकडे पाहिले. हिराबायने माझ्याकडे पाहिले. ती नजर मला अजून पुरते आहे.

दारात डोंगरीची काकू उभी राहिली. मी नवरीचा हात धरून उंबरा ओलांडला तेव्हा मागच्या चुलीवरून आवाज आला, "मादोन्ना!" पाहुणे हसले. मीही हसलो. जेवणावर खूश होऊन सासूबाईंनी कूकला लेस लावलेला पांढरा एप्रन बक्षीस दिला. मावशी म्हणाली, "थँक्यू मॅडम."

एलिझाला दुसऱ्याच सकाळी कळले. ती स्वयंपाकघरात गेली, मावशीने सवयीने तिचा कान चाचपला आणि म्हणाली, "तुझा बालापेक्षा बरा हाय." एलिझा माझ्याकडे आली. "घरची कूक तुला बाळ का म्हणते?" मी सांगितले. सगळे, एका दमात. ती म्हणाली, "मम्मीला तू सांगायचंस. तुझं तोंड, तूच उघड. मी सांगणार नाही."

मी म्हणालो, "योग्य वेळ आली की सांगतो."

योग्य वेळ या वस्तूइतकी उशिरा येणारी दुसरी वस्तू मी पाहिली नाही. दोन वर्षे गेली. सासूबाई चार-सहा वेळा आल्या; तेवढ्या वेळा मावशीने पेटीतून एप्रन काढला, बांधला, आणि त्या गेल्यावर धुऊन घडी करून ठेवला. गावाला तिनेच गप्प राहायला लावले होते. एरवी त्या दोघी, मावशी आणि माझी बायको, दिवसभर स्वयंपाकघरात हसत असत. एलिझा कणीक लाटायची, दोरीवर घालायची, हिराबायशी कुंपणावरून भांडायची. मी आत गेलो की हसणे जरा कमी व्हायचे. माझ्यावर कुणी रागावले नव्हते. तेच फार जड होते.

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमधून परत आल्यावर बाळाला प्रथम बापाच्या आईच्या मांडीवर ठेवायचे, अशी रीत. त्यासाठी घरातल्या वेदीसमोर एक खुर्ची मांडतात, तिच्यावर नवी चादर घालतात. खुर्ची हिराबायने मांडली होती आणि ती कुणासाठी, हे अंगणातल्या मांजरांनाही ठाऊक होते. मी आदल्या दिवशी एलिझाला सांगितले होते: उद्या नक्की.

सासूबाई आल्या, चपला काढल्या, आणि सरळ त्या खुर्चीवर बसल्या. त्यांची काय चूक? आजी होत्या, थकल्या होत्या, समोर रिकामी खुर्ची होती. त्यांनी बाळासाठी हात पसरले. खोलीत वीस-पंचवीस माणसे. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. एप्रन घातला होता. पण आत नवे लुगडे नेसली होती, केसांत फूल माळले होते, आणि हात इतके स्वच्छ धुतले होते की नखांत पिठाचा कण नव्हता. तिला वाटले होते, आज होईल.

सासूबाईंचे तिच्याकडे लक्ष गेले. "कूक, इथे काय उभी? जेवणाचं बघ. माणसं खोळंबलीत."

मावशी म्हणाली, "व्हय मॅडम," आणि वळली.

मी पुढे झालो. तोंड उघडले. देवाशपथ सांगतो, उघडले होते; सगळ्यांनी पाहिले. ते तसेच उघडे राहिले, आणि माझ्या मागून, बाळाला छातीशी धरून, वांद्र्याच्या पियानोच्या घरात वाढलेली माझी बायको अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली:

"मम्मी, ऊठ! ती खुर्ची माझ्या सासूची हाय!"